जालपृष्ठाला फ्रेमवर्कची जोड : गोदावरीच्या पूरपृष्ठाच्या दृष्टान्ताने एक विवेचन

नाशिक येथे रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले म्हणजे शहरातील जाणती माणसे प्रथम ह्या मूर्तीकडे पाहतात. पाणी मारुतीच्या पायांशी आहे, कमरेस लागले आहे, की छातीपर्यंत चढले आहे, ह्यावरून पुराचे मान ठरते. २००८, २०१६ आणि २०१९ ह्या वर्षींच्या मोठ्या पुरांच्या गोष्टी नाशिककर ह्याच मोजमापाने सांगतात. ह्या मोजमापाचा एक गुण सहसा ध्यानात येत नाही. मूर्तीपाशी आकडा मांडणारा कोणी नाही, आणि त्या आकड्यावरून इशारा लिहिणारा दुसरा कोणी नाही. पाणी चढले की खूण आपोआप बदलते. वस्तुस्थिती आणि तिची खूण ह्यांत अंतर पडण्यास तेथे जागाच नाही.

जालावरील पृष्ठाची गोष्ट निराळी असते. तेथे आकडा एके ठिकाणी असतो, त्यावरून काढलेला इशारा दुसऱ्या ठिकाणी असतो, आणि इशाऱ्याचा रंग तिसऱ्या ठिकाणी ठरतो. ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत्या ठेवणे हे काम आज्ञावली लिहिणाऱ्यास हाताने करावे लागते. पृष्ठ लहान असेल तोवर हे जमते. ते वाढले म्हणजे जमेनासे होते. ह्या अडचणीतून ‘फ्रेमवर्क’ नावाची साधने निर्माण झाली, आणि ती वापरता यावीत म्हणून ‘बंडलर’ ह्या दुसऱ्या साधनाची गरज वाढली. एखाद्या चालू असलेल्या पृष्ठाला फ्रेमवर्कची जोड द्यावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, त्यापासून लाभ कोणता, आणि त्याचे मोल कोणास द्यावे लागते, ह्याचा विचार पुढे केला आहे.

१. एका पृष्ठाची वाढ

दृष्टान्तादाखल गोदावरीच्या पुराची माहिती देणारे एक पृष्ठ कल्पावे. त्यावर चार गोष्टी आहेत : गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग, होळकर पुलाखालून वाहणारा विसर्ग, ती नोंद घेतल्याची वेळ, आणि लोकांनी काय करावे हे सांगणारे एक वाक्य. विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर पाणी.

ह्या पृष्ठाचे वाचक कोण, हे आधी ठरविले पाहिजे. सराफ बाजारातील दुकानदारास माल वरच्या मजल्यावर हलवावा की काय हे ठरवावयाचे असते. निफाड तालुक्यातील सायखेडा, चांदोरी ह्या गावांतील शेतकऱ्यास जनावरे सोडावयाची असतात. रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूस पाण्यात उतरावे की नाही हे कळावयास हवे असते. नाशिकच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने सूर्य सिंह राशीत असण्याच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, येतात. २०१५ मध्ये नाशिक येथील शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर ह्या दिवशी झाली. नदीचे पाणी आणि माणसांची गर्दी ही दोन्ही एकाच काळात, एकाच घाटावर वाढतात. ह्या सर्व वाचकांच्या हातात मोबाइल असतो. तो पुष्कळदा जुना असतो, आणि पावसात व गर्दीत त्याचे जोडणीबळ क्षीण झालेले असते.

प्रारंभी असे पृष्ठ अगदी साधे असते. मजकुराची एक एचटीएमएल फाइल, रूपाची एक सीएसएस फाइल, आणि ठरावीक वेळाने नवा आकडा आणून योग्य जागी बसविणारी वीस-पंचवीस ओळींची जावास्क्रिप्ट एवढ्यावर ते चालते. पुढे मागण्या वाढतात. मागील चोवीस तासांचा आलेख हवा. गावाचे नाव निवडता आले पाहिजे. यात्रेकरूंसाठी हिंदी व इंग्रजी मजकूर हवा. इशाऱ्याची पट्टी हिरवी, पिवळी वा तांबडी दिसावी. प्रत्येक मागणीबरोबर आज्ञावलीत एक नवी सूचना येते : आकडा बदलला की अमुक जागेचा मजकूर बदल, तमुक पट्टीचा रंग बदल, अमक्या आलेखात बिंदू वाढव.

आता ह्या सूचना दोन निरनिराळ्या माणसांनी, दोन निरनिराळ्या महिन्यांत लिहिल्या आहेत असे समजावे. एके रात्री विसर्ग वाढतो. वरचा आकडा बदलतो, पट्टी तांबडी होते. परंतु गाव निवडल्यावर दिसणारे वाक्य बदलण्याची सूचना एका वाटेवर लिहावयाची राहून गेलेली असते. सायखेड्याच्या वाचकास तांबड्या पट्टीखाली ‘धोका नाही’ हे वाक्य दिसत राहते. आज्ञावली कोठेही थांबलेली नसते, चुकीची नोंद कोठेही झालेली नसते. पृष्ठ एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असते, इतकेच. अशा पृष्ठापेक्षा पृष्ठ नसणे बरे.

२. फ्रेमवर्कचे कार्य

हा दोष आज्ञावली लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा नसून पद्धतीचा आहे. जुन्या पद्धतीत ‘काय बदलले म्हणजे कोठे काय बदलावे’ ह्याची यादी माणूस ठेवतो. फ्रेमवर्कमध्ये ही यादी ठेवण्याचे काम यंत्राकडे जाते. माणूस फक्त दोन गोष्टी लिहितो : एक, पृष्ठाची स्थिती, म्हणजे विसर्ग, वेळ, निवडलेले गाव, निवडलेली भाषा, आणि दोन, ती स्थिती अमुक असेल तर पृष्ठ कसे दिसावे ह्याचे वर्णन. स्थिती बदलली की त्या वर्णनानुसार दर्शन नव्याने ठरते. वाक्य, रंग आणि आकडा ही तिन्ही एकाच विसर्गावरून काढलेली असल्याने एक बदलून दुसरे मागे राहण्याचा प्रश्न उरत नाही. दुतोंड्या मारुतीच्या ठायी जो गुण निसर्गतः आहे, तो पृष्ठास कृत्रिम रीतीने देण्याचा हा प्रयत्न होय.

ह्या कल्पनेवर उभी राहिलेली आणि आज रूढ असलेली तीन साधने म्हणजे २०१३ मध्ये खुले झालेले फेसबुकचे रिॲक्ट, २०१४ मध्ये इव्हान यू ह्यांनी प्रसिद्ध केलेले व्ह्यू, आणि २०१६ मध्ये रिच हॅरिस ह्यांनी प्रसिद्ध केलेले स्वेल्ट. रिॲक्टचे कर्ते त्याला फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात. परंतु प्रस्तुत विषयापुरता हा भेद महत्त्वाचा नाही. तिघांची रीत मात्र भिन्न आहे. रिॲक्ट दर प्रसंगी दर्शनाचे नवे वर्णन तयार करते, ते मागील वर्णनाशी ताडून पाहते, आणि जेवढा फरक असेल तेवढाच पृष्ठावर उतरविते. व्ह्यू कोणती माहिती दर्शनाच्या कोणत्या भागात वाचली गेली ह्याची नोंद ठेवते. स्वेल्ट ह्यातील बरेच काम आज्ञावली रूपांतरित होतानाच उरकून घेते, त्यामुळे वाचकाकडे जाणारे ओझे लहान पृष्ठांच्या बाबतीत कमी राहते.

फ्रेमवर्कमुळे पृष्ठ सुसंगत होते, खरे होत नाही, हा विवेक येथे सांभाळला पाहिजे. स्थितीतील आकडाच सहा तासांपूर्वीचा असेल, तर फ्रेमवर्क तो जुना आकडा, जुना रंग आणि जुने वाक्य अत्यंत सुसंगतपणे दाखवील. म्हणून नोंदीची वेळ हीसुद्धा स्थितीचाच भाग मानली पाहिजे, आणि ठरावीक काळ उलटला की ‘ही नोंद जुनी आहे’ असे पृष्ठाने आपण होऊन सांगितले पाहिजे.

३. बंडलरची आवश्यकता

ब्राउझरास एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट ह्या भाषा समजतात. रिॲक्टमध्ये वर्णन लिहिण्याची रूढ पद्धत म्हणजे जेएसएक्स. ती ब्राउझरास कळत नाही. व्ह्यू व स्वेल्ट ह्यांत मजकूर, रूप आणि वर्तन एका फाइलीत एकत्र लिहितात. ती फाइलही ब्राउझरास कळत नाही. तेव्हा वाचकाकडे पोचण्यापूर्वी कोणीतरी ह्या लेखनाचे साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणे भाग पडते.

दुसरे कारण फाइलींच्या संख्येचे आहे. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये निर्माण झाली तेव्हा एका फाइलीतून दुसरी मागविण्याची सोय भाषेत नव्हती. ती २०१५ च्या प्रमाणकात आली. मधल्या काळात नोड (२००९) आणि एनपीएम (२०१०) ह्यांच्यामुळे इतरांनी लिहिलेले तयार भाग आणून वापरण्याची सवय वाढली होती. हे भाग वेगवेगळ्या फाइलींत असत, आणि ते ब्राउझरास चालावेत म्हणून एकत्र बांधण्याची साधने निघाली : ब्राउझरिफाय (२०११), वेबपॅक (२०१२), रोलअप (२०१५), पार्सल (२०१७), ईएसबिल्ड व व्हीट (दोन्ही २०२०). ह्यांनाच बंडलर म्हणतात. व्हीट हा स्वतः इतर बंडलरांवर उभारलेला संच आहे. त्याचे नाव ‘त्वरित’ ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून घेतले आहे.

भाषेतच सोय आल्यावर बांधणीची गरज संपली असे वाटणे साहजिक आहे. परंतु अडचण अंतराची आहे. ब्राउझर पहिली फाइल आणतो, ती वाचल्यावर त्याला कळते की दुसरी हवी. दुसरी आणल्यावर कळते की तिसरी हवी. प्रत्येक वेळी विनंती जाते आणि उत्तर येते. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या टेबलावर हे अंतर शून्यवत असते. चांदोरीच्या शेतकऱ्यास मात्र ते प्रत्येक फेरीस भरावे लागते. यात्रेकरू घरून निघताना शिदोरी बांधून घेतो, वाटेत एकेका जिनसासाठी घरी परतत नाही. बंडलर हेच करतो. तो आरंभाच्या फाइलीपासून निघतो, तिला काय लागते, त्याला पुढे काय लागते, असा संपूर्ण आलेख तयार करतो, आणि सर्व भाग थोड्या गाठोड्यांत बांधतो. बांधताना न वापरलेले भाग वगळतो, रिकाम्या जागा व लांब नावे कमी करतो, आणि प्रत्येक फाइलीच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली एक खूण घालतो. तिचा उपयोग पुढे येईल.

हे सर्व काम एकदाच, आणि आधी, होते. म्हणून बंडलरचे मर्म असे सांगता येईल : जे काम वाचकाच्या मोबाइलने हजारदा करावयाचे, ते बांधणाऱ्याच्या संगणकाने एकदा करावे. फ्रेमवर्क नेमके ह्याच्या उलट दिशेने जाते. ते काही काम वाचकाच्या मोबाइलकडे पाठविते. ह्या दोहोंचा तोल साधणे म्हणजेच जोडणी नीट करणे.

४. जोडणीचा क्रम

चालू पृष्ठाला फ्रेमवर्क जोडताना संपूर्ण पृष्ठ नव्याने लिहिण्याचा मोह होतो. तो टाळणे इष्ट होय. फ्रेमवर्कला पृष्ठातील एकच पेटी नेमून देता येते. बाकीचे पृष्ठ पूर्वीप्रमाणेच राहते. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम, प्रकल्पाच्या पॅकेज डॉट जेसन ह्या नोंदपत्रात दोन प्रकारच्या वस्तू दाखल होतात. फ्रेमवर्क ही वाचकाकडे जाणारी वस्तू. बंडलर व त्याचे प्लगइन ही केवळ बांधणीच्या वेळी लागणारी अवजारे. हा भेद नोंदपत्रातही राखावा.

दुसरे, बंडलरला नव्या भाषेची ओळख करून द्यावी. वेबपॅकमध्ये हे काम लोडर करतात : रिॲक्टसाठी बहुधा बॅबेल-लोडर, व्ह्यूसाठी व्ह्यू-लोडर. व्हीटमध्ये त्या त्या फ्रेमवर्कचे प्लगइन असते. ही ओळख राहून गेली तर बंडलर जेएसएक्सच्या पहिल्याच कोनकंसापाशी अडतो आणि तसे सांगतो. ही चूक निरुपद्रवी आहे, कारण ती बांधणाऱ्याच्या समोर होते.

तिसरे, पृष्ठात एक रिकामी वा भरलेली पेटी ठेवून तिला ओळखनाव द्यावे, आणि आरंभाच्या फाइलीत फ्रेमवर्कला त्या पेटीत स्थापन करावे. येथे एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. रिॲक्ट असो वा व्ह्यू, नेहमीच्या स्थापनेत पेटीतील पूर्वीचा मजकूर काढून टाकून तेथे आपले दर्शन मांडतात. ह्याचा तोटाही होतो आणि उपयोगही. पेटी फार मोठी घेतली तर तिच्यातील जुना, नीट चालणारा मजकूर नाहीसा होतो. उलट, पेटीत मुद्दाम सर्व्हरने लिहून पाठविलेला ताजा आकडा, वेळ व सूचना ठेवली, तर जावास्क्रिप्ट येईपर्यंत, किंवा ती मुळीच न आल्यास, वाचकास तेवढे तरी दिसत राहते. पूरपृष्ठाच्या बाबतीत हा नियम अनुल्लंघनीय मानावा : जीविताशी संबंध असलेले वाक्य एचटीएमएलमध्येच पोचले पाहिजे, फ्रेमवर्कने ते ताजे ठेवावे, परंतु त्याच्या दिसण्याची अट बनू नये.

चौथे, आलेखासारखे जड व गौण भाग वेगळ्या गाठोड्यात ठेवावेत. भाषेत मागणीनुसार आयात करण्याची सोय आहे. ती वापरली की बंडलर त्या भागाची स्वतंत्र फाइल करतो, आणि वाचकाने आलेख उघडला तरच ती आणली जाते. मराठी, हिंदी व इंग्रजी मजकुरांनाही हीच रीत लावावी. मराठी वाचकाने अन्य दोन भाषांचे ओझे वाहण्याचे कारण नाही.

पाचवे, बांधलेले पृष्ठ बांधलेल्या रूपातच तपासावे. व्हीट लेखनाच्या वेळी फाइली न बांधता एकेक करून ब्राउझरास देतो, आणि अंतिम बांधणी निराळ्या रीतीने करतो. त्यामुळे टेबलावर चालणारे पृष्ठ बांधल्यावरही तसेच चालेल असे गृहीत धरता येत नाही.

५. भाराचा हिशेब

समजा, वाचकाचा मोबाइल सेकंदास ४०० किलोबिट इतक्या मंद वेगाने जोडला गेला आहे. संकोचित रूपातील २०० किलोबाइटचे गाठोडे म्हणजे १,६०० किलोबिट. ते उतरण्यास चार सेकंद लागतील, आणि विनंतीच्या फेऱ्यांचा वेळ त्यावर पडेल. त्यापुढे आणखी एक खर्च आहे. २०० किलोबाइटचे चित्र आणि २०० किलोबाइटची जावास्क्रिप्ट ही उतरताना सारखीच असली, तरी जावास्क्रिप्ट उतरल्यावर वाचावी, रूपांतरित करावी आणि चालवावी लागते. त्या काळात जुना मोबाइल बोटाच्या स्पर्शास उत्तर देत नाही. म्हणून फ्रेमवर्क निवडताना त्याचा भार आधी पाहावा. रिॲक्टसारखीच रचना असलेले प्रीॲक्ट संकोचित रूपात सुमारे ३ किलोबाइटचे असल्याचे त्याचे कर्ते सांगतात. खुद्द रिॲक्टचा भार त्याच्या अनेक पट असतो. चार आकडे दाखविणाऱ्या पृष्ठास हा फरक गौण नाही.

मराठी पृष्ठांच्या बाबतीत ह्या हिशेबात आणखी एक रकम येते, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सहसा आढळत नाही. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ ह्या लेखनरीतीत तीन बाइट घेते. ‘नाशिक’ ह्या शब्दात न, काना, श, ऱ्हस्व वेलांटी व क अशी पाच चिन्हे आहेत. त्याचे पंधरा बाइट होतात. ईएसबिल्ड हा बंडलर विशेष सूचना न दिल्यास केवळ रोमन संचातील चिन्हेच लिहितो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो सहा अक्षरांचा संकेत घालतो. तोच ‘नाशिक’ मग तीस बाइटांचा होतो. अर्थ बिघडत नाही, पृष्ठ बरोबर दिसते. फक्त मराठी मजकुराचा भार दुप्पट झालेला असतो. अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवण्याची एक सूचना दिली, आणि एचटीएमएलमध्येही तो अक्षरसंच जाहीर केला, की हा दोष जातो. पाठविताना होणाऱ्या संकोचनामुळे हा फरक बराच घटतो हे खरे. तरी कारण नसताना तो ठेवावा का, हा प्रश्न उरतोच.

टंकाची गोष्टही अशीच. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकात आकृत्यांची संख्या मोठी असते, व त्याची फाइल रोमन टंकापेक्षा जड होते. आजच्या बहुतेक मोबाइलांत देवनागरी टंक मुळातच असतो. पूरपृष्ठाने तोच वापरावा. त्याचप्रमाणे मराठी अंक व तारखा लिहिण्यासाठी वेगळी लायब्ररी आणण्याचे कारण नाही. ब्राउझरांतील इंटल ही सोय मराठी सांगितल्यावर देवनागरी अंकांत संख्या लिहून देते.

६. कोऱ्या पृष्ठाची कारणे

फ्रेमवर्क जोडल्यानंतर सर्वाधिक आढळणारी तक्रार म्हणजे पृष्ठ कोरे दिसणे. तिची कारणे मोजकी आहेत.

एक, मार्गाची चूक. पृष्ठ संकेतस्थळाच्या मुळाशी नसून एखाद्या उपविभागात असते, आणि बंडलरने मात्र फाइलींचे मार्ग मुळापासून लिहिलेले असतात. फाइली सापडत नाहीत. व्हीटमध्ये ‘बेस’ व वेबपॅकमध्ये ‘पब्लिक पाथ’ ही नोंद दुरुस्त केल्याने हे मिटते.

दोन, व्ह्यूची अपुरी प्रत. व्ह्यूच्या दोन प्रती असतात. एकीत मजकुराचे रूपांतर करणारा भाग असतो, दुसरीत नसतो. बंडलर सामान्यतः दुसरी, हलकी प्रत घेतो, कारण रूपांतर बांधणीच्या वेळीच होईल असे तो धरतो. परंतु चालू पृष्ठाला जोड देताना पुष्कळदा वर्णन एचटीएमएलमध्येच लिहिलेले असते. ते रूपांतरित करणारा कोणीच नसल्याने पेटी रिकामी राहते. वर्णन व्ह्यूच्या फाइलीत हलविणे हा उत्तम उपाय. पूर्ण प्रत मागविणे हा दुय्यम.

तीन, एकाच फ्रेमवर्कच्या दोन प्रती. एखादा तयार भाग आपल्याबरोबर रिॲक्टची निराळी प्रत घेऊन येतो, आणि दोन प्रतींना एकमेकींची स्थिती माहीत नसते. अशा वेळी रिॲक्ट ‘हुक’ चुकीच्या जागी वापरल्याची तक्रार करते, आणि लिहिणारा आपल्या आज्ञावलीत नसलेली चूक शोधीत बसतो. सर्वांनी एकच प्रत वापरावी अशी सूचना बंडलरला द्यावी.

चार, जुना ब्राउझर. व्हीटची नेहमीची बांधणी आधुनिक ब्राउझर गृहीत धरते. जुन्या ब्राउझरास न समजणारे एक चिन्ह आले तरी ती संपूर्ण फाइल चालत नाही. जुन्या मोबाइलांसाठी वेगळी बांधणी करणारे ‘लेगसी’ प्लगइन आहे; वाचक कोण हे ठरविले असेल तर ते लावावे की नाही हेही ठरते.

ह्या चारही प्रसंगी, पेटीत सर्व्हरचा मजकूर ठेवण्याचा वर सांगितलेला नियम पाळलेला असेल तर बहुधा पृष्ठ कोरे न दिसता फक्त जुन्या रीतीचे दिसेल. व्ह्यूची अपुरी प्रत हा त्याला अपवाद आहे. तेथे फाइल चालते आणि पेटी रिकामी करते. म्हणून त्या दोषाकडे अधिक लक्ष द्यावे.

७. पूर चालू असताना

पृष्ठाची खरी परीक्षा पुराच्या रात्री होते, आणि त्याच रात्री त्यात दुरुस्ती करण्याची वेळ येते. येथे फाइलींच्या नावांतील खुणेचा उपयोग दिसतो. मजकूर बदलला की खूण बदलते, म्हणून नाव बदलते. नाव तेच असेल तर मजकूरही तोच. त्यामुळे ब्राउझरने अशा फाइली दीर्घकाळ साठवून ठेवण्यास हरकत नसते, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या वाचकास त्या पुन्हा आणाव्या लागत नाहीत. एचटीएमएलची फाइल मात्र साठवू देऊ नये. साठविल्यास ती जुन्या नावांच्या फाइली मागत राहते.

ह्यातून एक सूक्ष्म धोका संभवतो. एखाद्या दुकानदाराने सायंकाळी पृष्ठ उघडून ठेवले आहे. रात्री नवी बांधणी चढविताना जुन्या फाइली पुसल्या गेल्या. त्यानंतर त्याने आलेख उघडला. त्याच्या पृष्ठास ठाऊक असलेली फाइल आता अस्तित्वातच नाही. उपाय दोन : जुन्या फाइली काही दिवस राहू द्याव्यात, आणि भाग न आल्यास पृष्ठाने ते शांतपणे सांभाळून घ्यावे. व्हीट अशा प्रसंगी एक घटना जाहीर करतो. ती ऐकून पृष्ठ नव्याने आणता येते.

परक्या भागांवरील विसंबून राहणेही अशा रात्री अंगाशी येऊ शकते. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरील ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक भाग त्याच्या कर्त्याने काढून घेतला, आणि त्याच्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर थांबली. बॅबेलही त्यांत होते. म्हणून कोणत्या भागाची कोणती आवृत्ती घेतली ह्याची निश्चित नोंद ठेवणारी लॉकफाइल प्रकल्पात जतन करावी, बांधणी तिच्यावरूनच करावी, आणि पावसाळ्यात आवृत्त्या बदलण्याचे काम काढू नये.

८. समारोप

फ्रेमवर्क जोडावे की नाही, ह्या प्रश्नाला सर्वत्र लागू होईल असे उत्तर नाही. पृष्ठावर एकाच आकड्यावरून काढलेल्या अनेक गोष्टी दिसत असतील, आणि त्या परस्परविरोधी झाल्यास कोणाचे नुकसान होणार असेल, तर जोड देण्यास सबळ कारण आहे. पृष्ठावर केवळ मजकूर असेल, तर तसे कारण नाही. जोड दिली तर ती एका पेटीपुरती द्यावी, बांधणीच्या वेळी होण्यासारखे सर्व काम बांधणीच्याच वेळी करावे, आणि उरलेला भार मंद जोडणीच्या जुन्या मोबाइलवर प्रत्यक्ष तपासावा.

नाशिक येथे पुढील सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. त्या काळात नदीची माहिती मोबाइलवर पाहणाऱ्यांची संख्या २०१५ पेक्षा पुष्कळ अधिक असेल ह्यात संशय नाही. त्यांतील प्रत्येकास फ्रेमवर्क कोणते हे कळण्याची गरज नाही. घाटावर उभ्या असलेल्या माणसास मारुतीकडे पाहून जे एका दृष्टिक्षेपात कळते, ते दहा कोसांवर असलेल्या माणसास तितक्याच लवकर आणि तितक्याच एकमुखाने कळावे, एवढेच त्या पृष्ठाकडून अपेक्षित आहे.